साय गेलेलें पनीर

घरांत येणाऱ्या खाद्यवस्तूंचे दोन वर्ग सर्वांच्या ओळखीचे आहेत. कांहीं वस्तु आवडीनें खाल्ल्या जातात व कांहीं नासल्यामुळें टाकून दिल्या जातात. परंतु या दोहोंच्या मध्यें एक तिसरा वर्ग असतो, आणि गृहिणीचा कस खरोखर तेथेंच लागतो. वस्तु नासलेली नसते, दाम मोजून आणलेली असते, पौष्टिकहि असते. केवळ ती कोणास आवडत नाहीं. अशाच एका वस्तूविषयीं या महिन्यांत लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. ती वस्तु म्हणजे वेष्टनावर 'लो फॅट' अशीं अक्षरें मिरविणारें पनीर.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत पनीर हा तसा अलीकडचाच पाहुणा. घाटावर काय किंवा घाटाखालीं काय, आमच्या आजीच्या पिढींत दूध नासलें तर घरावर जणूं सावट येत असे. त्यांत साखर घालून आटवावें व मुलांच्या हातावर एकेक वडी ठेवावी, एवढाच त्याचा उपयोग. चांगलें दूध मुद्दाम लिंबू पिळून फोडावयाचें, ही कल्पनाच त्या बायकांस सोसली नसती. आज खामगांव, मलकापूर, चिखली, कोणत्याहि गांवच्या दुकानांतला फ्रीज उघडा, पनीर आहेच; लग्नाच्या पंगतींत तर तें वांग्याच्या भाजीशेजारीं मानानें बसतें. असो. 'लो फॅट' पनीर मात्र घरांत येतें तें निराळ्या वाटेनें. वडील मंडळींपैकीं कोणाच्या रक्ताची तपासणी होते, डॉक्टर तूप-साय आवरावयास सांगतात, आणि मुलगा किंवा सून मोठ्या काळजीनें हें पनीर घेऊन येते. हेतु उत्तम असतो. भाजी होते, पानें वाढलीं जातात, आणि तुकडे दांतांखालीं रबरासारखे करकरूं लागतात. आजोबा दोन तुकडे गिळून बाकीचे ताटाच्या कडेस सारतात. मुलें तर एक तुकडाहि खात नाहींत.

मग त्या पनीराचें पुढें काय होतें? हा प्रश्न आम्हांस क्षुल्लक वाटत नाहीं. उरलेली अर्धी वडी फ्रीजमध्यें जाते, तिसऱ्या दिवशीं बाहेर निघते, आणि बहुतेक घरांत ती एका ठराविक पानांत पडते. सर्वांचीं जेवणें उरकल्यावर जी शेवटीं बसते, तिच्या पानांत. 'टाकवत नाहीं हो,' असें ती म्हणते. टाकवत नाहीं ही वृत्ति चांगलीच. पण साऱ्या घराची काटकसर एकटीच्या जिभेवर चालवावी, हें आम्हांस मुळींच मान्य नाहीं. दुसरें असें कीं, ज्या वडील माणसासाठीं हें पथ्य आरंभिलें, त्यास आपल्यापायीं सर्वांच्या जेवणाचा विरस झाला असें वाटूं लागतें, आणि दोन आठवड्यांत तें माणूस आपण होऊन पथ्य सोडतें. तेव्हां हें पनीर सर्वांच्या पानांत जाईल व सर्वांस खावेंसें वाटेल, असा मार्ग शोधणें अवश्य आहे.

तें असें चिवट कां होतें, हें प्रथम समजून घ्यावें. तापलेल्या दुधांत आंबट पडलें कीं दुधांतील प्रथिनें एकमेकांस चिकटून एक जाळें विणतात. या जाळ्याच्या घरांघरांत स्निग्धाचे सूक्ष्म कण अडकून बसतात. दोऱ्यांच्या मध्यें जणूं लहान लहान गाद्या घातल्या, तसा हा प्रकार. त्यांच्यामुळें दोरे एकमेकांपासून अंतरावर राहतात व घांस मऊ लागतो. साय काढून घेतली कीं गाद्या गेल्या. मग दोरे एकमेकांस घट्ट बिलगतात, आणि विस्तवावर जों जों ठेवावें तों तों पाणी सोडून अधिकच आवळले जातात. शिवाय दुधाचा पुष्कळसा सुवास स्निग्धांतच वस्ती करून असतो; त्याच्याबरोबर तोहि निघून जातो. म्हणून जी रीत साध्या पनीरास मानवते, तीच याला मारक होते. तुकडे तळून रश्श्यांत खळखळ उकळण्याची हॉटेली पद्धति येथें लावणें म्हणजे आधींच रुसलेल्या माणसास आणखी डिवचणें होय.

आमच्या भागांत हा विरस अधिक जाणवतो, त्यालाहि कारण आहे. घाटाखालीं पूर्णेच्या कांठच्या गांवांतून पूर्णाथडी नांवाची भुरकट-पांढुरक्या रंगाची म्हैस पाळतात. बुलढाणा, अकोला व अमरावती हे तिचे जिल्हे. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनें गेल्या कांहीं वर्षांत तिची स्वतंत्र जात म्हणून नोंदहि केली आहे. तिच्या दुधांत स्निग्धांश शेंकडा ८ च्या आसपास असतो. अशा दुधाची बोटभर साय खाऊन जे वाढले, त्यांच्या जिभेपुढें साय काढलेलें पनीर ठेवावयाचें, म्हणजे दाद मिळण्याची आशा थोडीच.

तरी पण कमी स्निग्धाच्या दुधाची कुचेष्टा करूं नये. तें जन्मास आलें तें चांगल्या कारणासाठीं. १९४६ सालीं मुंबईंत दारा खुरोदी यांनीं म्हशीच्या दाट दुधांत पाणी व साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळून त्याचा स्निग्धांश शेंकडा ३ वर आणण्याची युक्ति अमलांत आणिली. तेंच आजचें 'टोन्ड' दूध. होतें तेवढेंच दूध अधिक घरांत व कमी दामांत पोहोंचावें, हा त्यांतला हेतु. याच खुरोदींस १९६३ सालीं वर्गीस कुरियन व त्रिभुवनदास पटेल यांच्यासमवेत मॅगसेसे पारितोषिक मिळालें. पुढें शेंकडा दीड स्निग्धांशाचें 'डबल टोन्ड' आलें.

आतां थोडें त्रैराशिक. आमचा जन्म शाळेंत गेला, तेव्हां वाचकांनीं एवढें सोसावें. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणें साध्या पनीरांत पाणी शेंकडा ६० हून अधिक नसावें, व पाणी वजा जातां जो कोरडा भाग राहतो, त्यांत निदान निम्मा भाग दुधाचें स्निग्ध असावें. 'लो फॅट' पनीरांत पाणी शेंकडा ७० पर्यंत चालतें, आणि कोरड्या भागांत स्निग्ध शेंकडा १५ हून अधिक चालत नाहीं. या हिशेबानें २०० ग्रॅमच्या साध्या वडींत कोरडा भाग ८० ग्रॅम व स्निग्ध निदान ४० ग्रॅम. दुसरींत, पाणी पूर्ण ७० धरल्यास, कोरडा भाग ६० ग्रॅम व स्निग्ध फार तर ९ ग्रॅम. म्हणजे एका वडीमागें ३१ ग्रॅमांची बचत झाली. चहाच्या एका चमच्यांत तेल सुमारें साडेचार ग्रॅम मावतें. आपण या पनीरास दोन चमचे तेल उघडपणें परत दिलें, तरी एकूण स्निग्ध १८ ग्रॅमच होतें. तें साध्या वडीच्या निम्म्याहूनहि कमी. हें गणित ध्यानांत आलें कीं घरांतील निम्मा तंटा मिटतो. कांहीं घरांत पथ्याच्या धाकानें तेलाचा थेंबहि घालीत नाहींत व पनीर कोणी खात नाहीं. कांहीं घरांत चिडून तें कढईभर तेलांत तळतात, आणि मग तें 'लो फॅट' आणिलें कशाला, हेंच कळेनासें होतें. दोन चमचे मोजून घ्यावे व चवीसाठीं मोकळ्या मनानें खर्चावे. ज्यांस डॉक्टरांनीं दिवसाचें तेल ठरवून दिलें असेल, त्यांनीं हे चमचे त्यांतच धरावे.

येथें आमच्या जुन्या व्यासंगाकडे थोडें वळल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. फाटलेल्या दुधास हिंदुस्थानांत परकें समजण्याची चाल आहे. ती सर्वस्वीं खरी नव्हे. सोळाव्या शतकांतील भावमिश्रानें भावप्रकाशांत याचे भेद पाडले आहेत: तापवून नासलेल्या दुधाचा गोळा तो किलाट, न तापवितां नासलेलें तें क्षीरशाक, दहीं किंवा ताक घालून फोडून फडक्यांत बांधलेला तो तक्रपिंड, आणि खालीं राहिलेलें पाणी तें मोरट. हे पदार्थ पचावयास जड, पण ज्यांचा अग्नि प्रदीप्त आहे व ज्यांस झोंप येत नाहीं त्यांस हितकर, असें त्याचें मत. त्याच्याहि पुष्कळ आधीं, बाराव्या शतकांत, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासांत आंबट घालून फोडलेलें दूध गाळून, त्यांत तांदुळाचें पीठ मळून, तुपांत तळून साखरेंत घोळविण्याची कृति आली आहे. तांदुळाचें पीठ घालण्याची ती खूण आम्हांस फार मोलाची वाटते. नुसता फाटलेला अंश आवळतो. त्याच्या दोऱ्यांमध्यें पीठ शिरलें कीं तो आवळूं शकत नाहीं. म्हणजे गेलेल्या गाद्यांच्या जागीं पीठ बसवावयाचें. आमच्या पुढील सर्व कृतींचें मर्म हेंच आहे.

आणि सर्वांत जुनी ती आमिक्षा. चातुर्मास्यांच्या वैश्वदेव पर्वांत तापलेल्या दुधांत दहीं घालीत. घट्ट भाग ती आमिक्षा, पातळ तें वाजिन. दहीं घातलें तें कोणासाठीं, आमिक्षेसाठीं कीं वाजिनासाठीं, यावर मीमांसकांनीं जैमिनिसूत्रांच्या चौथ्या अध्यायांत खल केला आहे. निर्णय असा कीं, खटाटोप आमिक्षेसाठीं. वाजिन तें तिच्याबरोबर ओघानें होतें. परंतु ओघानें झालें म्हणून तें ओतून मात्र देत नसत. तेंहि वाजी नांवाच्या देवतांस अर्पण करीत. नासलेलें दूध देवाला कसें चालेल, असें ज्या घरांतील वडील स्त्रिया म्हणत असतील, त्यांच्याशीं वाद घालण्याचें आमच्या मनांत नाहीं. हा दाखला मात्र त्यांच्या कानीं घालावा.

आतां कृतीकडे. पहिला नियम: तुकडे करूं नयेत. हें पनीर बारीक किसणीवर किसावें अथवा वाटावें. तुकडा दांताखालीं आला तरच तो चिवट लागणार. कीस किंवा वाटण झाल्यावर चिवटपणा शोधूनहि सांपडत नाहीं.

आमच्या अनुभवास सर्वांत उतरलेला प्रकार म्हणजे पाटवडी. अर्धी वडी, म्हणजे १०० ग्रॅम पनीर, किसून पाऊण वाटी ताज्या ताकाबरोबर मिक्सरमधून अगदीं गंधासारखें वाटावें. एक वाटी बेसन पाऊण वाटी पाण्यांत गुठळी न राहील असें कालवावें, आणि त्यांत हें वाटण, हळद, तिखट व मीठ मिसळावें. कढईंत दोन चमचे तेलाची मोहरी-जिऱ्याची फोडणी करावी. ज्यांच्या घरीं चालतो त्यांनीं ठेंचलेला लसूण घालावा, इतरांनीं हिंग हात सैल सोडून घालावा. त्यावर मिश्रण ओतून मंद विस्तवावर सारखें हलवीत राहावें. गोळा कडा सोडूं लागला कीं झांकण ठेवून पांच मिनिटें वाफ द्यावी, आणि तेलाचा हात लावलेल्या ताटांत थापावा. वर भाजलेले तीळ, चिमूटभर सुकें खोबरें व सांबार पेरावा. (आमच्या वऱ्हाडांत सांबार म्हणजे कोथिंबीर, हें पुण्याकडील भगिनींनीं ध्यानांत ठेवावें.) निवाल्यावर वड्या पाडाव्या. झणझणीत रश्श्यांत सोडल्या तरी त्या मोडत नाहींत, आणि यांत पनीर आहे असें सांगितल्यावांचून कोणास कळत नाहीं. मुलांस सांगूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. निदान दुसरी वडी मागून घेईपर्यंत तरी.

दुसरा प्रकार कढी-गोळ्यांचा. हे विदर्भाचें जुनें अन्न असल्यामुळें रीत सर्वांस ठाऊकच आहे. एक वाटी हरभऱ्याची डाळ चार तास भिजवून, पाणी न घालतां भरड वाटावी, व तींत अर्धी वाटी पनीराचा कीस, आलें, हिरवी मिरची, जिरें व मीठ घालून सुपारीएवढे गोळे करावे. कढीस चांगली उकळी आली कीं प्रथम एकच गोळा सोडून पाहावा. तो विरघळूं लागल्यास उरलेल्या मिश्रणांत चमचाभर बेसन घालावें. गोळे वर तरंगूं लागल्यावर एक फोडून आंतली डाळ शिजली आहे ना, तें बघावें. यांत तेल लागतें तें फोडणीपुरतें, आणि दंतहीन वृद्धांनाहि हे गोळे खातां येतात. पथ्याच्या माणसास निराळें कांहीं न करतां सर्वांनीं एकाच पातेल्यांतलें खावें, ही सोय यांत आहे, आणि आम्हांस या प्रकाराचें विशेष प्रेम आहे तें याचसाठीं.

थालीपिठाच्या दोन वाट्या भाजणींत वाटीभर कीस सहज जिरतो. पाणी मात्र नेहमींपेक्षां बेतानें घ्यावें, कारण पनीर स्वतःचें पाणी सोडतें. भाजणीचा खमंग वास पनीराचा बेचवपणा झांकून टाकतो. ज्यांना तुकड्यांचाच आग्रह असेल, त्यांनीं ते पंधरा मिनिटें कढत पाण्यांत बुडवून ठेवावे, मग दह्यांत जवसाची चटणी कालवून तींत रात्रभर मुरवावे, व भाजी खालीं उतरवल्यावर वरून घालावे. उकळूं मात्र नयेत.

गोडाच्या वाटेस जाऊं नये. या पनीराचा संदेश रेतीसारखा होतो, आणि खिरींत त्याचे दाणे चघळावे लागतात. त्यावर तूप-साखरेचा भडिमार केला तर जमतें; पण मग आजोबांच्या तपासणीचा कागद पुनः काढून वाचावा.

परदेशीं असलेल्या लेकी-सुनांकडून हीच तक्रार कमी स्निग्धाच्या चीजविषयीं येते: वितळत नाहीं, वर कातडें धरतें. कारण तेंच, आणि उपायहि बहुतांशीं तोच. तें अगदीं बारीक किसावें, उघड्या विस्तवावर न ठेवतां दुधांत कालविलेल्या थोड्या पिठाबरोबर मंद आंचेवर हलवून एकजीव करावें, किंवा पराठ्याच्या सारणांत बटाट्याबरोबर मळावें. त्यांत वासाच्या चांगल्या, पुऱ्या स्निग्धाच्या चीजचा लहानसा तुकडा मिसळला तर थोडक्यांत पुष्कळ चव येते.

एक सूचना मात्र कडकपणें करावयाची आहे. न आवडणारें व नासलेलें यांत गल्लत करूं नये. वरील युक्त्या न आवडणाऱ्या पनीरासाठीं आहेत. आंबूस वास, बोटास लागणारा बुळबुळीतपणा, पिवळे किंवा हिरवट डाग, यांपैकीं कांहींहि दिसल्यास तें निःशंकपणें टाकावें. तेथें काटकसर नको. 'लो फॅट' पनीरांत पाणी अधिक असल्यामुळें तें टिकतेंहि कमी. शेगांव-नांदुऱ्याकडचा वैशाख, त्यांत वीज जाण्याचा नेम नाहीं. तेव्हां वेष्टन फोडल्यावर स्वच्छ पाण्यांत बुडवून फ्रीजमध्यें ठेवावें, पाणी रोज बदलावें, व दोन-तीन दिवसांत संपवावें. तेवढ्यांत बेत जमत नसेल तर आणल्याच दिवशीं फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यांत टाकावें. गोठल्यानें पनीर भुसभुशीत होतें, हा इतर वेळीं त्याचा दोष. आपल्याला तें किसावयाचेंच असल्यामुळें येथें तो उपकार ठरतो.

बाजारांत सुटें मिळणारें पनीर चिवट निघालें, तर तें 'लो फॅट'च असेल असें नाहीं. त्यांत पिष्ट मिसळलेलें असूं शकतें. लहानसा तुकडा पाण्यांत उकळून, निववून, त्यावर आयोडीनचा थेंब टाकावा. निळें झालें तर पिष्ट आहे. वनस्पति तेलाचें बनविलेलें नकली पनीर मात्र या परीक्षेनें कळत नाहीं. तें पनीर या नांवानें विकण्यास कायद्यानें मनाई आहे, म्हणून वेष्टनावरील बारीक अक्षरें चष्मा लावून वाचावीं. हें काम घरांतील आजोबांकडे सोपवावें.

घरीं करावयाचें असल्यास शेंकडा ३ स्निग्धाचें दूध घ्यावें, अगदीं निःसत्त्व दूध घेऊं नये. उकळी आल्यावर खालीं उतरवून दोन-चार मिनिटें थांबावें, लिंबाचा रस पाण्यांत मिसळून थोडा थोडा घालावा, व हिरवट-पिवळें स्वच्छ पाणी सुटतांच हात आवरावा. अधिक आंबट पडलें कीं पनीर अधिक कठीण होतें. वर जड वरवंटा ठेवूं नये. पाण्यानें अर्धा भरलेला तांब्या अर्धा तास पुरे. खालीं राहिलेल्या पाण्यांत कणीक मळली तर पोळ्या मऊ होतात, आणि उरलें तर आमटींत घालावें, म्हणजे त्या दिवशीं चिंच थोडी कमी लागते.